सोयरीक, सिकलसेल आणि ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट : पत्रकाचा मसुदा तपासून द्या

पैनगंगा
किनवट-माहूरकडच्या आश्रमशाळांत पालकसभेला वाटायला एका पानाचं पत्रक करायचंय. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आजार, त्याचा वाहक म्हणजे कोण आणि ते लेकरांत कसं उतरतं, एवढंच. डॉक्टरी भाषा नको, पण चूकही नको. कच्चा मसुदा खाली देतोय. चिरफाड करा.

“तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या असल्या तर एए, म्हणजे सामान्य. एक चांगली आणि एक सिकलची असली तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असल्या तर एसएस, म्हणजे पीडित. वाहकाचं लग्न सामान्य माणसाशी झालं तर एकही लेकरू पीडित होत नाही. दोघंही वाहक असतील तर चार लेकरांपैकी एक पीडित, दोन वाहक, एक सामान्य. म्हणून सोयरीक जुळवताना दोघांची सोल्युबिलिटी (शिबिरातली झटपट रक्तचाचणी) करा. एकाची निगेटिव्ह आली की काळजी मिटली.”

काय काढू, काय घालू?

काळी_कसदार
शेवटची दोन वाक्यं आधी खोडा. बाकीचं मग बोलू.

हुरडापार्टी
पहिल्याच प्रतिसादात पत्रक अर्धं झालं. कागद वाचला.

तपासनळी
काळी_कसदार यांनी कारण दिलं नाही, मी देतो.

सोल्युबिलिटी एकाच प्रश्नाचं उत्तर देते : या रक्तात हिमोग्लोबिन एस (सिकलचं) पुरेसं आहे का? नळीत २ मिली द्रावण घ्यायचं (सोडियम डायथायोनाइट, फॉस्फेट बफर, पेशी फोडायला सॅपोनिन), त्यात २० मायक्रोलिटर रक्त, हलवून पाच मिनिटं थांबायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेला माणूस एएस की एसएस हे या नळीतून कळत नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणजे एए असंही ठरत नाही. बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनतं तो दुसरा आनुवंशिक आजार) वाहक या नळीत स्वच्छ निगेटिव्ह येतो. हिमोग्लोबिन डी, ई, सी (हिमोग्लोबिनचे दुसरे बदललेले प्रकार) वाले वाहकही तसेच.

आता मुलगी एएस, मुलगा थॅलेसेमियाचा वाहक आणि हातात ‘निगेटिव्ह’ची चिठ्ठी. लेकराला आईकडून एसची प्रत आली आणि बापाकडून जवळजवळ कोरी प्रत आली, तर ते लेकरू एस-बीटा थॅलेसेमियाचं. ती प्रत पूर्ण बंद असेल तर त्रास एसएसइतकाच. दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. तुमच्या पत्रकाप्रमाणे मात्र या घराची काळजी मिटलेली.

सरळरेघ
तत्त्वतः मान्य, पण जमिनीवर या. पाचशे पोरांच्या शिबिरात प्रत्येकाची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची तपासणी) कोण करणार? १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ० ते ४० वयाचे सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट ठरलं. तिथंही आधी झटपट चाचणी, मग पॉझिटिव्हची पक्की तपासणी हाच क्रम आहे. लोकांना सोल्युबिलिटीवर विश्वास ठेवू नका म्हणाल तर ते कुठलीच तपासणी करणार नाहीत.

तपासनळी
विश्वास ठेवू नका असं म्हटलेलं नाही. चाळणी म्हणून ती उत्तम आहे. पण शिबिरातली गर्दी चाळणं वेगळं आणि ज्ञात वाहकाचा जोडीदार तपासणं वेगळं. पहिल्यात सोल्युबिलिटी. दुसऱ्यात थेट एचपीएलसी आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). तालुक्यात असे जोडीदार वर्षाला किती निघणार? तेवढ्या बाटल्या जिल्ह्याला पाठवणं जड नाही.

सरळरेघ
अशा शब्दांत असेल तर हरकत नाही. पत्रकातही तसंच लिहा, नाहीतर लोक गोंधळतात.

उसाचा_फड
आमच्या बीडकडे नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. उचलही कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. तपासणीबी कोयत्यावर करा की! एकट्याचा रिपोर्ट म्हणजे अर्धा कोयता.

हुरडापार्टी
आणि पेशीचा आकारही विळ्या-कोयत्याचा. फड यांनी दोन पक्षी मारले.

लेकुरवाळी
पैनगंगा, “चार लेकरांपैकी एक” हे वाक्य या विषयातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. घरात त्याचा अर्थ असा लागतो की पहिलं पीडित झालं, आता पुढची तीन सुटली. किंवा उलटं, तीन चांगली झाली, आता चौथं नको, ते नक्की आजारी. दोन्ही चूक. “प्रत्येक गरोदरपणात चारात एक” असं लिहा. मागच्या लेकराचा पुढच्यावर काही परिणाम नाही.

सभेत दाखवायचं तर दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक ज्वारीचा दाणा, एक उडदाचा. एक वाटी आईची, एक बापाची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही उडीद आले तर पीडित, एक-एक आला तर वाहक, दोन्ही ज्वारी आली तर सामान्य. आणि मुख्य म्हणजे दाणे परत वाटीत टाकायचे, मगच पुढचं लेकरू. बहुतेक ठिकाणी इथंच चुकतं : दाणे बाहेर ठेवतात, मग दुसऱ्या खेपेला उरलेलेच येतात आणि ‘पहिलं आजारी तर दुसरं चांगलं’ हाच गैरसमज आपण हातानं पक्का करून देतो. चाळीस वेळा काढलं तर जोडउडीद दहाच्या आसपास येतील, पण सहाही येतील नि चौदाही. ते येऊ द्या, तोच धडा आहे.

गणिती_गोदाकाठ
लेकुरवाळी यांच्या हिशेबाला जोड. दोन वाहकांना दोनच लेकरं झाली तर दोन्ही पीडित नसण्याची शक्यता ३/४ × ३/४ = ९/१६. म्हणजे निदान एक पीडित असण्याची ७/१६, जवळपास ४४ टक्के. “चारात एक” ऐकून लोकांना जेवढं वाटतं त्याहून हे बरंच जास्त.

शेंगदाण्याची_चटणी
एक शंका. थोरला भाऊ पीडित आहे, धाकटी बहीण ठणठणीत. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी ना? चारात दोन.

गणिती_गोदाकाठ
नाही, तीनात दोन. ठणठणीत आहे म्हटल्यावर ‘पीडित’ हा चौथा खाना बाद झाला. उरले तीन : वाहक, वाहक, सामान्य. म्हणून पीडिताच्या निरोगी भावंडाची तपासणी आधी करायची, शिबिराची वाट बघायची नाही.

काळी_कसदार
पण “ठणठणीत” हे डोळ्यांनी ठरवू नका. आपल्याकडे सापडणाऱ्या प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन एफ मोठेपणीही बरंच टिकतं, त्यामुळे काही एसएस माणसं वयात येईपर्यंत फारशी आजारी पडत नाहीत. मग बाळंतपणात किंवा मोठ्या तापात पहिल्यांदा उघडं पडतं. वर्गात पळणारं पोर वाहकच असणार हे गृहीत धरू नका.

मामाचा_गाव
मराठवाड्यातलं पत्रक आणि मामाच्या पोरीचा उल्लेख नाही? इथं अजूनबी आते-मामे सोयरीक पहिली बघायलेत, आणि सीमेकडच्या भागात मामा-भाचीचं लग्नही लागतं. त्यावर कुणीतरी आकडा द्या.

गणिती_गोदाकाठ
मुलगा एएस आहे असं धरा. ती प्रत आईकडून आली असण्याची शक्यता निम्मी. आई वाहक असेल तर तिचा भाऊ वाहक असण्याची निम्मी. मामा वाहक तर त्याची मुलगी वाहक असण्याची निम्मी. १/२ × १/२ × १/२ = १/८. मामा स्वतः एएस आणि भाचीशी लग्न : बहीण वाहक असण्याची १/२, भाची १/४. हे आकडे फक्त नात्यामुळे येणारे. वस्तीत आधीच वाहक जास्त असतील तर ते वर चढतात.

मामाचा_गाव
म्हणजे नात्यात लग्न केलं की आजार होतो हे खोटं?

लेकुरवाळी
नात्यानं आजार तयार होत नाही. एकच प्रत दोन्हीकडून येऊन भेटण्याची संधी वाढते. दोघंही एए असतील तर मामाच्या पोरीशी लग्न करूनही सिकलसेल येणार नाही. आणि नात्यात नाही, परजिल्ह्यातली मुलगी केली, दोघंही एएस निघाले, तर तीच चारात एक. गोत्र, रक्तगट, पत्रिका यांचा इथं काडीचा संबंध नाही. ‘दोघांचा रक्तगट वेगळा आहे, मग काय भ्यायचं’ हे वाक्य पत्रकात ‘चूक’ म्हणून ठळक छापा.

धोंडीराम_दुपारचे
सासूबाईंसाठीही एक ओळ ठेवा. लेकरू पीडित निघालं की ‘तिच्या माहेरचं आहे’ हे ठरलेलं.

लेकुरवाळी
ती ओळ अशी : एसएस लेकराला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आलीच पाहिजे. ही सूचना ११व्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. म्हणून पोरालाही तेवढीच, पोरीलाही तेवढीच. पीडित लेकराच्या रिपोर्टात दोन्ही घरांची सही असते.

हुरडापार्टी
शेवटचं वाक्य चौकटीत टाका.

तपासनळी
रिपोर्ट वाचण्याबद्दल थोडं, कारण पालकांच्या हातात कागद असतो आणि सांगणारं कुणी नसतं.

वाहकाच्या एचपीएलसीत ए (चांगलं हिमोग्लोबिन) नेहमी एसपेक्षा जास्त असतो. साधारण एस ३५ ते ४० टक्के. सोबत अल्फा थॅलेसेमिया (थॅलेसेमियाचाच दुसरा प्रकार) असेल तर एस तिशीच्या खालीही उतरतो, घाबरायचं कारण नाही. पण एस जास्त आणि ए कमी दिसला, आणि मागच्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेलं नाही, तर तो वाहक नाही. तिथं एस-बीटा प्लस थॅलेसेमियाचा (थॅलेसेमियाची प्रत थोडी चालू असलेला प्रकार) विचार करायचा. अशा माणसाला ‘वाहक’ लिहून घरी पाठवणं ही खरी चूक.

दुसरं, ए२ (निरोगी रक्तातही थोडं असणारं हिमोग्लोबिन). वाहकाच्या रिपोर्टात ए२ चारच्या वर दिसला की काही जण लगेच ‘थॅलेसेमियाही आहे’ म्हणतात. यंत्रात एसचे काही बदललेले तुकडे ए२च्याच जागी उतरतात, म्हणून आकडा फुगतो. तिथं ए आणि एसचं प्रमाण बघा. जोडीदाराच्या रिपोर्टात मात्र एस नसतो, तिथं ए२ चार किंवा वर म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक. ३.५ ते ४ मध्ये अडकला तर एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) बघा, लोह तपासा. लोहाची कमतरता ए२ थोडा खाली ओढते आणि थॅलेसेमिया झाकला जातो. गोळ्या देऊन पुन्हा तपासा, किंवा डीएनए.

रक्त चढवलेल्या लेकराचा रिपोर्ट म्हणजे दात्याच्या रक्ताचा रिपोर्ट. घाई असेल तर आईबापांची तपासणी करा, ती जास्त बोलते.

काळी_कसदार
डीचं सांगायचं राहिलं. नेहमीच्या अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या धारेनं हिमोग्लोबिन पट्टीवर वेगळं करणारी तपासणी) एस आणि डी एकाच जागी पळतात. पट्टीवर ‘एस’ दिसतोय आणि सोल्युबिलिटी निगेटिव्ह, तर डी असेल. नाव डी-पंजाब असलं तरी ते पंजाबातच सापडतं असं नाही. आणि एस अधिक डी हा आजार सौम्य नाही.

शेंगदाण्याची_चटणी
शिबिरात निगेटिव्ह आलेलं पोर पुढच्या वर्षी पॉझिटिव्ह कसं येतं? लोक म्हणायलेत तपासणीच बोगस.

तपासनळी
ओळीनं कारणं : पोर सहा महिन्यांच्या आतलं असेल तर एफ भरपूर आणि एस कमी, नळी गढूळ होत नाही. म्हणून तान्ह्याला सोल्युबिलिटी लावूच नका, टाचेच्या थेंबावर एचपीएलसी करा. हिमोग्लोबिन ७च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटरात पेशीच पुरत नाहीत, रक्त दुप्पट घ्या. नुकतं रक्त चढवलेलं असेल. द्रावण शिळं असेल, विशेषतः मे महिन्यात जीपमध्ये डबा दिवसभर तापलेला असेल तर डायथायोनाइट बसतं आणि सगळं गाव निगेटिव्ह येतं. उलट बाजूनं, जेवणानंतरचं चरबीदार रक्त किंवा फार घट्ट रक्त खोटं पॉझिटिव्ह देतं. उपाय एकच : सकाळी पहिल्या दोन नळ्या माहीत असलेल्या एएस आणि एए रक्ताच्या. त्या बरोबर आल्या तरच रांग लावा. जिल्ह्याला पाठवायचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) नळीत, दोन मिली, आठ-दहा वेळा हळूच उलटंपालटं. झटकायचं नाही, बर्फाला चिकटवायचं नाही. गोठलं की पेशी फुटतात.

उसाचा_फड
वाहकाला ऊसतोडीला जाता येतं का? उन्हात सोळा-सोळा तास काम, पाणी मिळेल तेव्हा.

काळी_कसदार
जाता येतं. वाहक हा रुग्ण नाही, त्याला गोळ्या नाहीत, पथ्य नाही, आणि एएसचा एसएस कधी होत नाही. हे पत्रकात हवंच. पण ‘काहीच होत नाही’ असंही लिहू नका. फार उन्हात, तहानलेल्या अंगानं, सवय नसताना एकदम जोराची मेहनत केली तर क्वचित स्नायू विरघळतात, ते जिवावर बेतू शकतं. लघवीतून रक्त जाणं दिसू शकतं, दुखत नसलं तरी दाखवायचं. मूत्रपिंड पाणी नीट धरत नाही, म्हणून त्यांना तहान लवकर लागते. खूप उंचावर डाव्या बरगडीखाली एकाएकी दुखलं तर ते प्लीहेचं (पाणथरीचं) दुखणं असू शकतं. डोळ्याला मार लागून आत रक्त साचलं तर डॉक्टरला ‘मी एएस आहे’ हे सांगायचं. पोलीस भरतीची धाव असो की तोड, पहिल्या आठवड्यात हळू चढत जा, घोट घोट पाणी पीत रहा, ताप-जुलाबात नको.

आणि महत्त्वाचं. वाहक असल्यानं हिमोग्लोबिन उतरत नाही. एएस बाईचं हिमोग्लोबिन ८ असेल तर कारण दुसरं आहे : लोह, जंत, पाळीतला रक्तस्राव, नाहीतर रिपोर्टच चुकलाय. ‘सिकल आहे ना, मग कमीच असणार’ म्हणून सोडून देणं चूक.

धोंडीराम_दुपारचे
वाहकाला मलेरिया होत नाही असं ऐकलंय. मग मच्छरदाणी विकून टाकावी?

गणिती_गोदाकाठ
मच्छरदाणी ठेवा. १९५४मध्ये अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस लेकरांना फाल्सिपेरम मलेरियापासून (मलेरियाचा घातक प्रकार) काही संरक्षण मिळतं. जंतू शिरतो, पण जीवघेण्या पातळीला जाणं कमी होतं. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या जंगलपट्ट्यात ही प्रत टिकली ती यामुळे. एसएसला मात्र मलेरिया उलट जास्त घातक. म्हणूनच किनवटपासून मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारपर्यंत हा पट्टा दिसतो. रोग जातीला चिकटलेला नाही, जुन्या मलेरियाला चिकटलेला आहे.

सरळरेघ
हे वाक्य घ्या. पत्रकात समाजांची नावं टाकू नका. गोंड, कोलाम, प्रधान, आंध अशी यादी छापली की बाकीचे म्हणतात आमचं काही नाही, आणि ज्यांची नावं आली त्यांच्या सोयरिकी मोडतात.

मामाचा_गाव
स्पष्ट बोलतो, राग नको. वाहकाशी सोयरीकच नको म्हटलं तर प्रश्नच मिटला ना? ह्या वाट्या, हे रिपोर्ट कशाला.

लेकुरवाळी
राग नाही, पण हिशेब चुकतोय. एएस आणि एए या जोडीत पीडित लेकरू होतच नाही, वाहक होण्याची शक्यता निम्मी. मग त्या पोरीला बाजूला काढून काय मिळवलं? घडतं एवढंच की पुढच्या वर्षी आईबाप पोरीचा रिपोर्ट लपवतात. मग खरंच एएसला एएस भेटतो आणि कुणालाच माहीत नसतं. म्हणून शाळेत निकाल परिपाठाला वाचून दाखवायचा नाही, फळ्यावर यादी लावायची नाही. पालकाला एकेकट्याला बोलवून कार्ड द्यायचं. कार्डाच्या रंगाची पद्धत राज्याराज्यांत वेगळी आहे, तेलंगणात सोयरीक करणाऱ्यांनी रंग नाही, अक्षरं वाचावीत.

शेंगदाण्याची_चटणी
आणि दोघं एएस, लग्न आधीच झालेलं असलं तर?

लेकुरवाळी
दिवस राहिल्याबरोबर सांगायचं, पोट दिसायला लागल्यावर नाही. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन डीएनए तपासता येतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ही तपासणी होते. गर्भलिंगनिदानाच्या १९९४च्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी आहे, फक्त नोंदणीकृत केंद्रात, आणि लिंग सांगायचं नाही. जाताना दोघांचे मूळ रिपोर्ट न्यायचे. एक जण थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याच्या प्रतीतला नेमका बिघाड आधी शोधावा लागतो, त्यात दिवस जातात. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. ज्यांना तपासणी नको त्यांनी निदान जन्मल्यावर लगेच टाचेचा थेंब द्यावा. एसएस निघालं तर पेनिसिलिन, लसी, फोलिक अॅसिड वेळेत सुरू होतं, आईला पोट चाचपून प्लीहा बघायला शिकवता येतं. पहिल्या पाच वर्षांत यानंच लेकरं वाचतात.

हुरडापार्टी
पैनगंगा जिवंत आहेत का? मसुद्याचं काय झालं?

पैनगंगा
आहे. जुना मसुदा फाडला. नवा :

“दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू पीडित असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, सामान्य असण्याची चारात एक. मागचं लेकरू कसं झालं यावर पुढचं ठरत नाही. वाहक आजारी नसतो आणि त्याचा पीडित होत नाही. पीडित लेकराला एक प्रत आईकडून, एक बापाकडून आलेली असते. रक्तगटाचा संबंध नाही. एक जण वाहक असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी आणि सीबीसी करा. सोल्युबिलिटी निगेटिव्ह म्हणजे सामान्य असं नाही. दुसऱ्याच्या रिपोर्टात एस, डी, ई किंवा थॅलेसेमिया यातलं काहीच नसेल तर लग्न खुशाल करा. दोघांतही काही निघालं तर लग्नाआधी समुपदेशकाला भेटा, लग्न झालं असेल तर दिवस राहिल्याबरोबर.”

मागच्या बाजूला ज्वारी-उडदाचं चित्र.

तपासनळी
“डी, ई” नंतर “सी” घाला. बाकी चालेल.

सरळरेघ
अक्षर मोठं ठेवा, चौदाच्या खाली नको. आणि खाली गोंडी-कोलामीतल्या दोन ओळी तिथल्याच शिक्षकाकडून लिहून घ्या, देवनागरीत चालतील.

उसाचा_फड
दिवाळीच्या आधी छापा. नंतर कोयते कारखान्यावर गेलेले असतात, पालकसभेला म्हाताऱ्या येतात फक्त.